दुसरा ब्रेक

डावीकडच्या सीटसमोर, माझ्या पायाशी,
एक जादा ब्रेक आहे.
सातपूरच्या लतीफभाईनं बसवला, सत्त्याण्णव साली.
नंतर तीन गाड्या बदलल्या, पेडल तेच.
रबर झिजून झिजून
माझ्या टाचेला ओळखायला लागलंय.

सवय अशी, की कुणाच्याही गाडीत बसलो
तरी उजवा पाय आपोआप दाबला जातो.
द्वारका सर्कलला रिक्षात,
कसाऱ्याच्या उतारावर जावयाच्या शेजारी,
एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, खुर्चीत.
डॉक्टर म्हणाले, काका,
अजून मी काही केलंच नाही.

पेठ रोडला आरटीओबाहेर
जो तो एकच विचारतो, किती दिवसांत येईल?
मी म्हणतो, गाडी चालवणं आठ दिवसांत येतं.
थांबणं यायला वेळ लागतो.
लोक हसतात, आणि फी कमी करून मागतात.

खैरनार बाई आल्या तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या,
नुकत्याच शाळेतून निवृत्त.
नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं,
आता दवाखान्यात न्यायचं कुणी?
क्लच सुटायचा, गाडी उड्या मारायची,
गंगापूर रोडवर मागं हॉर्नची रांग.
बाई आरशाकडे बघून म्हणायच्या,
थांब रे बाळा, तुझाही नंबर येईल.
आणि रस्त्याची हजेरी घ्यायच्या, मोठ्यानं:
सायकल. कुत्रं. उघडं दार.
द्राक्षांचे क्रेट भरलेला छोटा हत्ती, तिरका.
फोनवर बोलणारी मुलगी, ही बघत नाहीये.
मला वाटायचं, वय झालं, बडबडतात.

चौदाव्या दिवशी, मखमलाबादच्या अलीकडे
शाळेची बस उभी होती.
बसच्या पुढून एक पाण्याची बाटली घरंगळत आली,
निळी.
मी पाय टाकला.
पेडल आधीच खाली गेलेलं होतं.
मग बाटलीमागून आलं ते पोर,
एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.
बाई म्हणाल्या, हजर.
आणि मग त्यांचे हात थरथरायला लागले.
आम्ही तिथंच, कडेला, उसाचा रस प्यायलो.

हे मी सगळ्यांना सांगतो.
पुढचं सांगत नाही.

लभडे शेठचा हर्षल नऊ दिवस आला.
सातवीपासून ट्रॅक्टर चालवतो हो,
शेठ म्हणाले, सगळं येतं त्याला,
तुम्ही फक्त कागद द्या.
येत होतंच. हात मऊ होता पोराचा,
एका बोटावर स्टिअरिंग फिरवायचा.
रात्रीचं शिकवायचं राहिलं होतं.
फॉर्मवर मी एकवीस दिवस लिहिले,
सही केली, चहा घेतला.

डिंडोरी रोड, जानेवारी, रात्रीचे साडेअकरा.
कांद्याची ट्रॉली पंक्चर होऊन उभी,
मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना एक दगड.
हर्षल वाचला.
डावीकडं बसलेला पोरगा नाही वाचला.
मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.
पण ती सीट माझी आहे.
तिथं काय होतं ते मला माहीत आहे.
त्यानंही दाबला असेल पाय,
रिकाम्या मॅटवर, सगळ्या ताकदीनिशी.

तेव्हापासून नऊचे एकवीस होत नाहीत.
शेजारच्या स्कूलला गर्दी असते, असू दे.
आणि पहिल्या दिवशी कुणालाच स्टिअरिंग देत नाही.
डावीकडं बसवतो. पेडलवर पाय ठेवायचा नाही,
मांडी घालून बसा, म्हणतो,
आणि मी चालवतो. आडगाव नाका, ट्रकांच्या मधून,
वेगात नाही, नेहमीसारखं.
पोरं आधी मोबाइल बघतात.
मग बघत नाहीत.
मग मांडीतला पाय सुटतो, खाली जातो,
काहीतरी शोधतो.

तेवढं झालं की गाडी बाजूला घेतो.
उतरा, म्हणतो, आता इकडं येऊन बसा.